थर दिसला म्हणजे गाळाचा खडक नव्हे: हातातल्या दगडाचं नाव शोधायची पद्धत

माळशेज घाटातून जाताना गाडीत कुणीतरी हमखास म्हणतं, "काय थर आहेत बघ! केवढा गाळ साचला असेल!" अकरावीच्या सहलीत हे वाक्य मीच मोठ्याने म्हटलं होतं. सरांनी काही न बोलता कड्याखालचा एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "यातला एक दाणा दाखव." मी भिंग लावून दहा मिनिटं शोधत बसलो. दाणा नव्हताच.

सह्याद्रीचे ते आडवे पट्टे गाळाचे नाहीत, लाव्हाचे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तप्त रस एकावर एक पसरत गेला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग याच बेसॉल्टखाली झाकला गेलाय. त्यामुळे गाळाचे खडक शिकायला निघालेल्या मराठी माणसाची पंचाईत होते. घराबाहेर ते सहज भेटत नाहीत आणि जे थर रोज दिसतात ते भलत्याचेच निघतात. घरात मात्र त्यांची रेलचेल असते. स्वयंपाकाचा कडप्पा, न्हाणीतली शहाबादी फरशी, उपासाचं सैंधव, हे तिन्ही गाळाचेच खडक.

म्हणून ही पद्धत घरातून सुरू करू आणि मग गाळाचे खडक उघड्यावर भेटतात त्या चंद्रपूरकडे जाऊ. क्रम मात्र एकच ठेवायचा: आधी दाणा, मग दाण्यांना धरून ठेवणारी जोड, आणि थर सगळ्यात शेवटी. पुस्तकं बहुधा थरांपासून सुरू करतात, आणि माझ्या मते तिथेच घोळ होतो.

आधी बाटलीत गाळ बनवा

काचेची उंच बरणी घ्या. नदीकाठची पोयट्याची माती तीन-चार मुठी, त्यात थोडी वाळू आणि थोडी रेव. बरणी पाण्याने भरा, झाकण लावून दणकून हलवा, टेबलावर ठेवा आणि घड्याळ लावा. शेतातली काळी माती या प्रयोगाला घेऊ नका. ती पाणी पिऊन फुगते आणि पाणी दिवसचे दिवस गढूळच राहतं.

रेव हात काढायच्या आत तळाला जाते. तिच्यावर काही सेकंदांत वाळू बसते. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण सेकंदाला पाऊण सेंटीमीटरच्या आसपास खाली सरकतो. पोयट्याला, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कणांना, मिनिटं ते तास लागतात. चिकणमातीची गोष्ट न्यारी आहे. ०.००२ मिलिमीटरचा कण १० सेंटीमीटर उतरायला सुमारे आठ तास घेतो, तेही पाणी अजिबात न हललं तर. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत खाली जाड, वर बारीक असा चढता क्रम तयार झालेला असेल.

तुम्ही जे केलं तेच नदी करते, फक्त बरणीऐवजी तिच्याकडे शेकडो किलोमीटर असतात. डोंगराच्या पायथ्याशी उतार संपला की धोंडे-गोटे टाकते, मैदानात वाळू टाकते, आणि चिकणमाती जिथे पाणी जवळजवळ थांबतं अशा तळ्यात, खाडीत किंवा खोल समुद्रात सोडते. म्हणजे दाण्याचा आकार हा पाण्याच्या जोराचा हिशोब आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी वाहून गेलेलं पाणी जोरात होतं की संथ, ते हातातला दगड सांगतो तो असा.

आता गढूळ पाण्यात तुरटी फिरवा. तासाभरात पाणी निवळायला लागेल. चिकणमातीचे कण एकमेकांना दूर ढकलत असतात, तुरटीने ते ढकलणं थांबतं, कण गोळा होतात आणि जड होऊन बसतात. नदी समुद्राला मिळते तिथे हे काम मीठ करतं. खाडीच्या तोंडाशी गुडघाभर चिखल असतो त्यामागे हेही एक कारण आहे.

गाळाचा दगड होतो कसा

बरणीतला गाळ कितीही वर्षं ठेवला तरी दगड होणार नाही. त्याला दोन गोष्टी हव्यात.

एक म्हणजे ओझं. ताज्या चिखलात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. वर नवा गाळ साचत गेला की खालचा दाबला जातो, पाणी पिळून निघतं, आणि चिकणमातीचे पापुद्र्यासारखे कण आडवे पडून एकमेकांवर बसतात. चिखलाच्या बाबतीत या दाबानेच बरंच काम भागतं. वाळूचं तसं नाही. वाळूचे दाणे टणक, ते फार दबत नाहीत, त्यांच्यामध्ये मोकळी जागा उरतेच.

तिथे दुसरी गोष्ट लागते, जोड. जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यात चुना, सिलिका (गारगोटीचं द्रव्य) किंवा लोह विरघळलेलं असतं. ते दाण्यांमधल्या फटीत साचतं आणि दाणे एकमेकांना चिकटतात. राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांसमोर आणा. राजगिरा म्हणजे वाळू, गूळ म्हणजे जोड. गूळ कमी पडला तर लाडू हातात भुगा होतो, आणि जोड कमी असलेला वालुकाश्म, म्हणजे वाळूचा खडकही, नखाने खरवडला जातो. सिलिकाची जोड सगळ्यात चिवट. चुन्याची आम्लाला बळी पडते. लोहाची जोड थोडीशी असली तरी दगडाला तांबडा रंग चढवते.

याला कोट्यवधी वर्षंच लागतात असं मात्र नाही. कोकणच्या काही किनाऱ्यांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू आणि शिंपल्यांचा घट्ट दगड दिसतो, त्याला करल म्हणतात. त्यातले शिंपले आजच्याच जातींचे असतात. समुद्राच्या पाण्यातला चुना जोड म्हणून बसला की काही हजार वर्षांतही काम होतं.

आणि जांभा? कोकणातला वाचक विचारणारच. जांभा बहुतेक ठिकाणी जागच्या जागी तयार झालेला आहे. मूळ खडकातून पावसाने बाकीचं धुऊन नेलं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं. वाहून येणं नाही, साचणं नाही, म्हणून तो आपल्या यादीत धरायचा नाही.

पिशवीत काय हवं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, स्टीलचा खिळा किंवा चाकू, जुन्या काचेचा तुकडा, पट्टी, वही आणि लिंबू. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून कुणी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबनळीच्या बाटलीत दिलं तर उत्तम. ते स्वतः पातळ करायची वेळ आली तर पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही, आणि डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा हवा. संडास साफ करायच्या द्रवाने हे काम करू नका. त्यात रंग आणि इतर रसायनं असतात, फेस कशाचा आला ते कळत नाही.

हातोडी घेणार असाल तर ती घरबांधणीची नको. तिच्या कपच्या उडतात.

पहिली पायरी: ताजी कड

दगडाची बाहेरची बाजू खोटं बोलते. ऊन-पावसाने त्यावर काळपट किंवा तांबूस साय धरलेली असते. तुकडा फोडा, नाहीतर आधीच फुटलेली कड शोधा. फरशी असेल तर तिची न घासलेली बाजू किंवा तुटलेला कोपरा बघा.

ताज्या कडेवर एकच प्रश्न विचारायचा: हे दाणे एकमेकांत गुंतलेले आहेत, की एकमेकांशेजारी बसवलेले? ग्रॅनाइटमध्ये स्फटिक एकमेकांच्या कुशीत वाढलेले असतात, मध्ये फट नाही, वेगळी जोड नाही. वालुकाश्मात दाणा वेगळा आणि त्याच्याभोवतीचं सारण वेगळं दिसतं. बेसॉल्टमध्ये साध्या डोळ्याला काहीच दिसत नाही. तो काळा, जड आणि घट्ट असतो, आणि पुष्कळदा त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात. गाळाच्या खडकात अशी गोल भोकं सहसा नसतात.

दुसरी पायरी: आम्लाचा थेंब

कडप्प्याच्या ओट्यावर चिरलेलं लिंबू रात्रभर राहिलं की सकाळी पांढुरका, खरखरीत डाग दिसतो. घासून जात नाही. आई त्याला "लिंबू खाल्लं ओट्याने" म्हणायची. खरं तर लिंबाने ओटा खाल्लेला असतो. कडप्पा हा आंध्रातला काळा चुनखडक. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्ल लागलं की ते विरघळून कार्बन डायऑक्साइड सोडतं. ग्रॅनाइटच्या ओट्यावर हा डाग पडत नाही.

शहाबादी फरशीवर चिंचेचं पाणी सांडलं तर तेच होतं. ती फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या भागातली, तीही चुनखडकाची. राजस्थानातला कोटाही त्याच कुळातला.

तेव्हा थेंब टाका, भिंग लावा आणि बुडबुडे बघा. पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर चुनखडक लगेच फसफसतो. डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियमवाला त्याचा भाऊबंद, गप्प राहतो. खिळ्याने खरवडून पूड केली की मग हळूच बुडबुडे सोडतो. लिंबाने सगळंच मंद होतं, म्हणून लिंबू वापरताना पूड करूनच बघा.

इथे तीन फसगती आहेत, आणि तिन्हींत मी पडलोय. संगमरवर फसफसतो, पण तो चुनखडक भाजून-दाबून बनलेला रूपांतरित खडक. तुटलेल्या कडेला खडीसाखरेसारखी चमक दिसते. बेसॉल्टच्या भोकांत कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक) भरलेलं असेल तर तेवढ्याच जागी फेस येतो, म्हणून थेंब दोन-तीन जागी टाकायचा. आणि चुन्याची जोड असलेला वालुकाश्मही फसफसतो. फरक असा की फेस बसला की त्या जागी वाळूचे मोकळे दाणे बोटाला लागतात.

तिसरी पायरी: दाणा मोजा

दगड फसफसला नाही आणि दाणे दिसताहेत, तर तो तुटक्या मालाचा खडक आहे. आता आकारावर नाव ठरतं. जगभर वापरली जाणारी मोजपट्टी वेंटवर्थ या भूवैज्ञानिकाने १९२२ साली मांडली. तिचे आकडे पाठ करण्यापेक्षा स्वयंपाकघरातून लक्षात ठेवा.

२ मिलिमीटर ही वाळूची वरची हद्द, म्हणजे साधारण मोठी मोहरी. खसखशीचा दाणा मिलिमीटरभराचा, साखरेचा त्याहून लहान, ही सगळी वाळूच. वाळूची खालची हद्द ०.०६ मिलिमीटर, त्याखाली दाणा साध्या डोळ्याला सुटा दिसत नाही. २ ते ४ मिलिमीटर, म्हणजे साबुदाण्याच्या घरातली, बारीक रेव. ४ ते ६४ मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या दाण्यापासून नागपुरी संत्र्यापर्यंत गोटे. संत्र्यापासून फुटबॉलहून थोड्या मोठ्यापर्यंत, २५६ मिलिमीटरपर्यंत, दगड. त्यापुढे धोंडे.

वाळूचा खडक तो वालुकाश्म. गोट्यांचा खडक असेल तर गोटे गोल की कोनदार ते बघा. गोल असतील तर पिंडाश्म, त्यांनी लांबचा प्रवास केलाय, आपटून-घासून कोपरे गेलेत. कोनदार असतील तर कोणाश्म. तो माल कड्याखाली पडला आणि जवळच थांबला.

दाणा दिसतच नसेल तर दात वापरा. हे वाचून लोक हसतात, पण भूवैज्ञानिक खरंच करतात. स्वच्छ कपची पुढच्या दातांत हलके चावायची. कचकच लागली तर पोयटा आहे, लोण्यासारखं लागलं तर चिकणमाती. चिकणमातीचा खडक पानासारखा पदर सुटून फुटत असेल तर शेल, ढेकळासारखा फुटत असेल तर पंकाश्म. पृथ्वीवरच्या गाळाच्या खडकांत सर्वांत मोठा वाटा या बारीक मालाचाच आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही तोच. शेल ठिसूळ असतो, झिजून जातो, त्यावर गवत उगवतं. टेकडीवर कड्यासारखा उभा राहतो तो वालुकाश्म, मग फोटो त्याचेच निघतात.

चौथी पायरी: वालुकाश्माची चौकशी

वालुकाश्म म्हटलं की काम संपत नाही. दाणे कशाचे आहेत ते पाहायचं. काचेसारखे पारदर्शक-राखाडी, खिळ्याने न ओरखडणारे, उलट काचेलाच ओरखडा काढणारे, ते क्वार्ट्झ. पांढरट किंवा गुलाबी, सपाट चमकत्या बाजूंचे, कधी पिठूळ झालेले, ते फेल्डस्पार. उरलेले काळपट-हिरवट म्हणजे जुन्या खडकांचे तुकडे.

जवळजवळ सगळं क्वार्ट्झ असेल तर तो माल खूप फिरलेला, धुतलेला, कदाचित एकदा खडक होऊन पुन्हा सुटलेला. कारण साधं आहे: क्वार्ट्झ टिकतं, फेल्डस्पार दमट हवेत कुजून चिकणमाती होतं. फेल्डस्पार पाव हिश्श्याच्या वर असेल तर त्याला आर्कोज म्हणतात, आणि मग समजायचं की मूळ डोंगर जवळ होता किंवा हवा इतकी कोरडी-थंड होती की कुजायला वेळच मिळाला नाही. तुकडेच जास्त असतील तर तो तुकडेदार वालुकाश्म. दाण्यांमधला चिखल सुमारे १५ टक्क्यांच्या वर गेला की त्याला वॅक म्हणायचं. घाईत, एकगठ्ठा टाकलेला माल.

वर्धा खोऱ्यातला दगडी कोळसा बराकार नावाच्या ज्या थरांत आहे, त्यांचा वालुकाश्म पांढरट आणि फेल्डस्पारवाला आहे. त्याच भागातला, कामठी गावावरून नाव पडलेला कामठी वालुकाश्म मात्र पुष्कळ ठिकाणी तांबूस, लोहाने रंगलेला. दोन्ही नद्यांनीच आणले. राखाडी-काळा रंग म्हणजे गाळात कुजकी झाडं आणि प्राणवायूची टंचाई. तांबडा म्हणजे गाळाला मोकळी हवा मिळालेली. रंग हा पुरावा आहे, पण दुय्यम. निव्वळ रंगावरून नाव ठेवायचं नाही.

पाचवी पायरी: चुनखडकाचा लाडू

चुनखडकाला वाळूची मोजपट्टी लावून भागत नाही, कारण त्याचा माल बहुतेकदा तिथेच जन्मलेला असतो: शिंपले, शैवालांनी घडवलेला चुना, पाण्यातून सुटलेला चुन्याचा चिखल. डनहॅम या भूवैज्ञानिकाने १९६२ साली जी पद्धत दिली ती मला सगळ्यात सोपी वाटते. दोनच प्रश्न. चुन्याचा चिखल आहे का? आणि दाणे एकमेकांना टेकले आहेत की चिखलात तरंगताहेत?

नुसता चिखल, दाणे दहा टक्क्यांहून कमी: पिठाचा गोळा. शहाबादी फरशी बहुतांश या गटात बसते. चिखलात सुटे दाणे तरंगताहेत: बेसनाच्या लाडवातले बेदाणे. दाणे टेकलेत आणि मध्ये चिखल आहे: गच्च डिंकाचा लाडू. दाणे टेकलेत, चिखल नाही, मध्ये स्वच्छ स्फटिकी जोड आहे: शेंगदाण्याची चिक्की. मुंबईतल्या अनेक जुन्या इमारतींत वापरलेला पोरबंदरचा दगड या चिक्कीचा नमुना आहे. भिंगाखाली त्यात शिंपल्यांचे आणि सूक्ष्म सागरी जिवांच्या कवचांचे घासून गोल झालेले कण दिसतात. लोक त्याला सर्रास वालुकाश्म म्हणतात. आम्लाचा एक थेंब तो वाद मिटवतो. मात्र वारसा इमारतीवर थेंब टाकायला जाऊ नका, पडलेल्या कपचीवर टाका.

आम्लाला गप्प राहणारा, काचेवर ओरखडा काढणारा, शंखासारख्या वळणाने फुटणारा गुळगुळीत दगड असेल तर तो चर्ट, म्हणजे सिलिकाचा गाळ. नागपूरजवळच्या टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये असे तळ्यातले थर सापडले, गोगलगाईंच्या जीवाश्मांसकट. एक लाव्हा थिजल्यावर त्यावर तळी झाली, झाडं वाढली, आणि मग पुढचा लाव्हा आला. मुंबईत वरळीला अशाच मधल्या थरात बेडकांचे सांगाडे मिळालेत. म्हणजे बेसॉल्टच्या प्रदेशातही गाळाचा खडक असतो, फक्त सँडविचमधल्या चटणीइतका पातळ. घाटातल्या दोन लाव्हांमधला विटकरी लाल पट्टा मात्र बहुधा जुन्या मातीचा, वरच्या लाव्हाने भाजलेला.

सहावी पायरी: सुकलेलं पाणी आणि कुजलेलं जंगल

मिठागरावर उभं राहून पाहिलं तर रासायनिक गाळ डोळ्यांसमोर तयार होतो. समुद्राचं पाणी आटताना आधी चुना बसतो, मूळ पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा उरला की जिप्सम, आणि दहावा हिस्सा उरला की मीठ. निसर्गातही हाच क्रम. सैंधव हे पन्नास कोटी वर्षांपलीकडच्या अशाच आटलेल्या समुद्राचं मीठ, पंजाबच्या मिठाच्या डोंगररांगेतलं, आजच्या पाकिस्तानातल्या खेवड्यातलं. ओळख जिभेवर. जिप्सम नखाने ओरखडतं, तीच त्याची परीक्षा. गणपतीच्या पीओपीचं मूळ तेच. मूर्तीची दुसरी जात शाडूची, तीही गाळाचीच चिकणमाती, फक्त अजून दगड न झालेली.

दगडी कोळशाला परीक्षा लागत नाही. हलका, काळा, हात काळे करणारा. समजून घ्यायची गोष्ट वेगळी आहे: झाडं तर सगळीकडे मरतात, मग कोळसा सगळीकडे का नाही? कारण मेलेलं झाड हवेत कुजून उडून जातं. ते दलदलीत, साचलेल्या पाण्याखाली पडलं तरच प्राणवायूअभावी टिकतं. मग पीट, लिग्नाइट, बिटुमिनस, अँथ्रासाइट असा दाब-उष्णतेचा चढता क्रम. वणी, चंद्रपूर, उमरेडचा कोळसा पर्मियन काळातला, पंचवीस ते तीस कोटी वर्षांच्या दरम्यानचा. त्या थरांतल्या शेलवर ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची जिभेच्या आकाराची पानं शिरांसकट उमटलेली सापडतात. तेच पान दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही सापडतं. हे सगळे भूखंड एकत्र होते याचा तो जुना भक्कम पुरावा.

आता थर बघा

दाणा आणि जोड कळली की थरांकडे वळायचं. १६६९ साली स्टेनो या डॅनिश अभ्यासकाने सांगितलेले नियम आजही पुरतात: गाळ आडवा बसतो, आणि खालचा थर आधीचा. थर तिरका दिसला तर तो नंतर कलला.

पण एक अपवाद शिकून ठेवा. उन्हाळ्यात धरणाचा गाळ उपसतात तिथे उभ्या कापलेल्या भिंतीजवळ जा. मोठे थर आडवे, पण वाळूच्या थराच्या पोटात बारीक तिरक्या रेघा दिसतील. वाहत्या पाण्याने वाळू ढकलत नेली आणि ती उताराच्या बाजूला घसरत बसली, त्याच्या त्या रेघा. उतार ज्या दिशेला, पाणी त्या दिशेला. बदामीला गेलात तर लेण्यांच्या आतल्या शिल्पांआधी बाहेरचा तांबडा कडा बघा. तोच खेळ तिथे वालुकाश्मात आहे. अजिंठा-वेरूळ पाहून आलेल्यांना बदामीचा फरक बोटांनी जाणवतो: तिकडे लाव्हा, इकडे वाळू.

त्याच गाळात सुकलेल्या चिखलाच्या बहुकोनी भेगा दिसतील. त्या वर रुंद, खाली निमुळत्या असतात. खडकात भेगा उलट्या, म्हणजे वर निमुळत्या दिसल्या तर तो थर उलटा झालाय. बरणीतला खाली जाड, वर बारीक क्रमही असाच दिशा सांगतो.

कुठे जाल आणि वहीत काय लिहाल

चंद्रपूर-गडचिरोली-यवतमाळच्या पट्ट्यात एका दौऱ्यात जवळजवळ सगळं भेटतं: सिमेंटसाठी खणला जाणारा पैनगंगेचा चुनखडक, कोळशाचे थर, कामठीचा वालुकाश्म, आणि कोळशाच्या थरांखाली तालचीरचे थर. तालचीर म्हणजे बारीक चिखलात लहानमोठे धोंडे वाटेल तसे रुतलेले. बरणीचा नियम इथे साफ मोडतो. कुठलंही वाहतं पाणी धोंडा आणि चिकणमाती एका जागी सोडत नाही. १८५६ साली ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूवैज्ञानिकांनी ओडिशातल्या तालचेरला याचं उत्तर दिलं ते बर्फाचं. हिमनदी माल निवडत नाही, वितळली की सगळं एकदम टाकते. आज मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या चंद्रपुरात तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या होत्या, हे तो चिखलातला धोंडा सांगतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. चालू खाणीत परवानगीशिवाय पाऊल नको. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनोसॉरची विष्ठा दगड होऊन मिळते. २००५ साली तिच्यात गवताच्या पेशींमधले सिलिकाकण सापडले आणि गवत डायनोसॉरच्या काळातही होतं हे ठरलं. असे नमुने उचलायचे नाहीत, सिरोंचा तालुक्यातल्या वडधमच्या जीवाश्म उद्यानातलं खोडही नाही. फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून.

साधा दगड उचललात तर नोंद अशी: "तांबूस, मध्यम ते जाड वाळू, साखरेएवढी, दाणे अर्धगोल, आकार बरेचसे सारखे, बहुतांश क्वार्ट्झ, थोडं पिठूळ फेल्डस्पार, लोहाची जोड, आम्लाला फेस नाही, तिरक्या रेघा ईशान्येकडे उतरत्या." नाव शेवटच्या ओळीत, पेन्सिलने. दगडावर वर कोणती बाजू होती तिथे बाण काढा, गाव आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून लावा. हे त्याच जागी उभं राहून करायचं. माझ्या माळ्यावर एका खोक्यात चौदा सुरेख वालुकाश्म पडले आहेत आणि त्यातला एकही कुठला ते मला आता सांगता येत नाही.